केहीमकरकृत बेने इस्राएलांचा इतिहास

हायीम सॅम्युएल केहीमकर यांनीं आपल्या बेने इस्राएल ज्ञातीचा इतिहास इंग्रजींत लिहून १८९७ च्या सुमारास सिद्ध केला; छापून निघाला तो मात्र १९३७ सालीं, तेल अवीव येथें. कोंकणांतील एका लहानशा यहुदी समाजानें आपली हकीकत आपल्याच लेखणीनें मांडावी हें त्या काळीं विरळच. तथापि ग्रंथकर्त्यांविषयीं आदर निराळा आणि प्रमाणांची पारख निराळी.

त्यांचा मुख्य सिद्धांत असा कीं, अँटायोकस राजाच्या छळामुळें इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास हे लोक मायभूमि सोडून निघाले, नवगांवाजवळ गलबत फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. यास आधार ज्ञातिपरंपरेचाच. समुद्रकांठीं लागलेलीं चौदा प्रेतें चित्पावनांच्या उत्पत्तिकथेंतही आहेत. एकीस इतिहास म्हणावें आणि दुसरीस दंतकथा, हें न्यायशास्त्रास धरून नाहीं.

ग्रंथाचें खरें बळ आचारवर्णनांत आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं ते बंद ठेवीत. म्हणून त्यांस 'शनवार तेली' म्हणत. हिब्रू विद्या लोपली, पण 'शमा' ही प्रार्थना मुखोद्गत राहिली; आठव्या दिवशीं मुलाची सुंता चुकली नाहीं. भाषा मराठी, आडनांवें पेणकर, रोहेकर, नवगांवकर अशीं गांवावरून पडलेलीं. हें प्रत्यक्ष प्रमाण हातीं असतां गलबताची तिथि ठरविण्यांत इतका श्रम कशास? (तिथीचा हा सोस आम्हां संशोधकांसही कमी नाहीं!)

शुद्ध वंशाच्या आग्रहाची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. ज्ञातींतच 'गोरे' व 'काळे' असा भेद होता व त्यांत बेटीव्यवहार होत नसे. पुढें इस्राएलांत गेलेल्या या लोकांच्या विवाहांसंबंधीं तेथील धर्माधिकाऱ्यांनीं १९६२ सालीं पूर्वजांची चौकशी लावली. ज्या मापानें 'काळ्यांस' दूर ठेविलें, त्याच मापानें 'गोरे'ही मोजले गेले. त्यांनीं निदर्शनें केलीं, आणि १९६४ सालीं ते सर्वार्थानें यहुदी होत असें तेथें जाहीर झालें. महाराष्ट्र शासनानें २०१६ सालीं यहुद्यांस अल्पसंख्याक दर्जा दिला, तो चौदा जणांचा दाखला मागून नव्हे.

केहीमकरांच्या ग्रंथास पुरवणी हवी आहे ती येथली. ठाण्याचें 'शार हाशामाईम' सभास्थान १८७९ चें. आमच्या कोलशेताहून तें दूर नाहीं. या समाजाच्या जुन्या थडग्यांवर हिब्रू व मराठी लेख आढळतात. ते झिजण्यापूर्वीं उतरून घ्यावे. मराठी वाचणारे हात त्यास पुरेसे आहेत.