विद्येचा पंक्तिप्रपंच

माळेगाव बुद्रुकच्या एका विद्यार्थिनीने माझ्यापुढे एक यादी ठेवली. कोणत्या विद्यापीठातील व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांचे संशोधन किती प्रभावी, याची ती क्रमवारी होती. पुढच्या शिक्षणासाठी तिला विद्यापीठ निवडायचे होते. तिने एवढेच विचारले, "सर, प्रभाव म्हणजे कुणावर?"

हा प्रश्न समीक्षेचा आहे. कविता वाचताना आपण विचारतो, कोण बोलतो आहे, कुणाशी बोलतो आहे आणि कुणाला गप्प बसवून बोलतो आहे. क्रमवारी हीही एक संहिता आहे. तिला हेच प्रश्न विचारण्याची आपल्याकडे रीत नाही, कारण ती आकड्यांत बोलते आणि आकड्यांपुढे आपण हात जोडतो.

या पंगतीचे वाढप कसे चालते ते आधी पाहू. अमेरिकेत टेक्सस विद्यापीठाची डॅलस येथे शाखा आहे. तिच्या व्यवस्थापन विद्यालयाला नवीन जिंदाल या भारतीय उद्योगपतीचे नाव आहे. हे विद्यालय २४ शोधपत्रिका निवडते, १९९० पासून त्यांत कोणत्या संस्थेचे किती लेख आले ते मोजते आणि १०० संस्थांचा क्रम लावते. लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स' या वृत्तपत्राची यादी ५० पत्रिकांची. दुसरी तऱ्हा दाखले मोजण्याची. हर्श या पदार्थवैज्ञानिकाने २००५ साली त्यासाठी निर्देशांक सुचवला. ज्याच्या २० लेखांचा प्रत्येकी किमान २० वेळा इतरांनी दाखला दिला, त्याचा निर्देशांक २०. थोडक्यात, अभ्यासकाने अभ्यासकाचे नाव घेणे म्हणजे प्रभाव. पंगतीत बसलेल्यांनी एकमेकांना वाढायचे. बाहेर कोण उपाशी आहे, हा प्रश्न या हिशेबात येतच नाही.

आकड्याचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. तो आडनाव विचारत नाही. निवड समितीत 'गुणवत्ता' या गोंडस शब्दाआड जातीचा कावा चालतो, तेव्हा दलित प्राध्यापकाला आपले छापील लेख आणि त्यांचे दाखले टेबलावर ठेवता येतात. हे हत्यार फेकून द्यावे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या २४ पत्रिका कुणी निवडल्या, त्या कोणत्या भाषेत निघतात आणि कोणता विषय त्यांना विषय वाटतो, हे ठरताना आपण कुठेच नव्हतो. आकडा आडनाव विचारत नाही. पण काय मोजायचे हे ठरवणाऱ्यांना आडनावे असतात.

बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आजच्या भाषेत ते 'बिझनेस स्कॉलर' ठरतात. त्याच वर्षी भारतातील लहान शेतजमिनींवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तो भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या पत्रिकेत. लंडनच्या वा न्यूयॉर्कच्या नव्हे. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला आणि पुढे चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. या कामाला आजची क्रमवारी किती गुण देईल? ग्रंथ आणि साक्ष यांना त्या २४ पत्रिकांच्या हिशेबात शून्य. ज्या लेखणीने कोट्यवधींच्या जगण्याची दिशा बदलली, तिला पंगतीत पाटच नाही.

हे जुन्या काळाचे झाले असे कुणी म्हणेल. मग अलीकडचे घ्या. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. २०१२ साली अजित, डॉन्कर आणि सक्सेना यांनी देशातील १००० मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळे तपासली. सुमारे ९३ टक्के संचालक उच्चवर्णीय निघाले. भारतीय उद्योगाबद्दल याहून मूलभूत गोष्ट कोणती? दोन्ही लेख मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आले. हे साप्ताहिक त्या २४ मध्ये नाही आणि त्या ५० मध्येही नाही.

आता माळेगावकडे या. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इथे ऊस उभा आहे, शिवनगरला सहकारी साखर कारखाना आहे. हा आपल्या डोळ्यांसमोरचा उद्योग. उसाच्या धंद्यात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाची उचल घेतली की हंगामभर फड सोडता येत नाही, आणि आजारपणात एक दिवस बुडाला तरी खाडा भरावा लागतो. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली जात असल्याचा प्रश्न २०१९ साली पुढे आला, तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली. मनुष्यबळ व्यवस्थापन हा या शास्त्राचा लाडका विषय. मग दोन माणसांना एक कोयता मोजणारा हिशेब हा व्यवस्थापनाचा प्रश्न नव्हे काय?

आपल्या सरकारची क्रमवारीही निराळी नाही. २०२४ च्या आराखड्यात व्यवस्थापन संस्थांना १०० पैकी ३० गुण संशोधनाला आणि १० गुण लौकिकाला, म्हणजे इतरांना तुमच्याविषयी काय वाटते त्याला. आर्थिक-सामाजिकदृष्ट्या वंचित विद्यार्थ्यांसाठी किती? समावेशकतेच्या १० गुणांतले २. प्रतिष्ठेची किंमत आमच्या पाचपट!

पण दोष सगळा त्यांच्या माथी मारून आपण सुटत नाही. आपल्या चळवळीने कविता दिली, आत्मकथने दिली, प्रस्थापित वाङ्मयाला हादरा दिला. परंतु बाबासाहेबांचे अर्थशास्त्र आपण जयंतीच्या भाषणापुरते ठेवले. ताळेबंद वाचणारे, मजुरीचा दर आणि मुकादमाचे कमिशन उकलून दाखवणारे अभ्यासक आपण किती घडवले? पाट मागण्यापूर्वी याचे उत्तर द्यावे लागेल.

त्या मुलीला मी सांगितले, यादी फाडू नकोस आणि तिची पूजाही करू नकोस. जिथे प्रवेश मिळेल तिथे जा, त्यांच्या पत्रिकांत लिहिण्याइतकी तयार हो. मात्र यादीच्या कडेला स्वतःचा एक रकाना आख: हे संशोधन कुणाच्या कष्टावर उभे आहे, आणि ते त्याला त्याच्या भाषेत परत मिळाले काय? तो रकाना आज कोरा आहे. तो भरण्याचे काम आपले आहे.