पिकअपचा दम

"मिस्त्री, पिकअपला पिकअपच नाय राहिला."

घोडेगावात कुठल्याही गॅरेजसमोर तासभर उभं राहिलं की हे वाक्य एकदा तरी कानावर पडतं. यातला पहिला पिकअप म्हणजे मागे हौदा असलेली गाडी. दुसरा म्हणजे पाय दाबल्यावर गाडीने घ्यायचा उठाव. बाहेरून आलेला एकच शब्द आमच्या बोलीने गाडीचं नाव म्हणूनही ठेवला आणि तिचा गुण म्हणूनही. मी शाळेत मराठी शिकवतो आणि घरी थोरले दादा पिकअपवर भाडी मारतात, त्यामुळे हे वाक्य मी दोन्ही कानांनी ऐकतो. गुण गेला की नाव पोकळ होतं, एवढा मोठा आशय त्यात एका श्वासात सांगून होतो.

हा उठाव येतो टर्बोतून. गोगलगाईचे दोन शंख पाठीला पाठ लावून जोडावेत तसा त्याचा आकार असतो, आणि ओंजळीत मावेल एवढाच तो असतो. वर्गात कवितेचं रसग्रहण करताना आपण विचारतो, इथे कोणता शब्द काढला तर कविता पडेल? दादांच्या गाडीच्या इंजिनाला मी तोच प्रश्न विचारत आलो आहे, आणि दर वेळी बोट या शंखाच्या जोडीवरच येऊन थांबतं.

सुरुवात आरसी बुकातल्या एका आकड्यापासून करू. महिंद्राच्या बोलेरो पिकअपची क्युबिक कपॅसिटी लिहिलेली असते २५२३. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८८.९ मिलिमीटर, पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर. एवढी आडवीतिडवी मापं कोणी का ठरवावीत? इंचात फिरवली की गाठ सुटते. साडेतीन इंच आणि चार इंच. चारही सिलिंडरांचं मिळून आकारमान भरतं १५४ घन इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या ब्रिटनमधल्या शाखेने ट्रॅक्टरसाठी जे डिझेल इंजिन केलं होतं, त्याचं नाव होतं बीडी-१५४, आणि त्याची मापं हीच. महिंद्राने १९६३ मध्ये याच हार्वेस्टरबरोबर आपल्याकडे ट्रॅक्टर काढायला घेतले. म्हणजे आमच्या रस्त्याने कांदा वाहणाऱ्या इंजिनाचं गोत्र नांगरटीचं आहे. एखाद्या ओवीत जुनं रूप टिकून राहावं आणि त्यावरून तिचं वय कळावं, तसं हे ८८.९ मला वाटतं. इंधन सोडायची पद्धत बदलली, धुराचे नियम बदलले, साडेतीन इंच मात्र तसेच राहिले.

आता या इंजिनाच्या श्वासाचा हिशोब मांडून पाहा. मिनिटाला दोन हजार फेरे धरले, तर दर दोन फेऱ्यांना एकदा याप्रमाणे ते हजार वेळा छाती भरून घेतं. हजार गुणिले २५२३ घनसेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला अडीच हजार लिटर हवा. दोनशे लिटरची साडेबारा पिंपं. पिस्टन खाली सरकताना पोकळी होते आणि तिच्यात हवा आपण होऊन येते, टर्बो नसलेल्या इंजिनाची मदार एवढ्यावरच. जितकी हवा आली तितकंच डिझेल नीट जळणार. जास्त डिझेल ओतलं तर ते अर्धवट जळून काळा धूर होऊन बाहेर पडणार, आणि चढाला गाडी दबणार ती दबणारच.

चुलीपुढे बसलेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. लाकडं भरपूर आहेत आणि जाळ धरत नाही, तेव्हा ती आणखी लाकूड घालत नाही, फुंकणी उचलते. लोहार भाता ओढतो. इंजिनात हवा कोंबायची युक्ती तीच. फरक एवढाच, की भाता ओढायचा कोणी?

सुपरचार्जरमध्ये भाता इंजिन स्वतःच ओढतं. क्रँकच्या पुलीवरून पट्टा जातो आणि हवा दाबणारं यंत्र फिरवतो. पाय दाबला की लगेच हवा हजर. पण ती शक्ती इंजिनाच्याच कमाईतून जाते. अमेरिकेत मोठ्या पेट्रोल पिकअपना सुपरचार्जर बसवायची हौस आहे, तिथे पेट्रोलचा हिशोब वेगळा आणि रस्तेही वेगळे. भाड्याच्या गाडीला हा व्यवहार परवडत नाही.

टर्बोने काय केलं? भाता धुराच्या हाती दिला. डिझेल जाळून जी शक्ती निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. पूर्ण भारावर हा धूर सहाशे-सातशे अंश तापलेला असतो, दाबाने बाहेर येतो. वाटेत त्याला एका शंखात वळवलं, आत एक पाकळ्यांचं चक्र ठेवलं. धूर ते फिरवत निघून जातो. चक्राचा दांडा पलीकडच्या शंखात जातो आणि तिथे त्याच दांड्यावर दुसरं चक्र फिरतं, ते ताजी हवा ओढून इंजिनात दाबतं. उच्छ्वासाने श्वास ओढायचा. या रचनेतलं मला सर्वांत सुंदर वाटणारं स्थान हेच आहे. इंजिनाकडून घेतलं जातं ते बहुतेक त्याने टाकून दिलेलंच, आणि दिलं जातं ते मात्र त्याला सर्वांत जास्त हवं असलेलं. धुराच्या वाटेत अडसर आल्याने इंजिनाला थोडा रेटा सोसावा लागतो, पण मिळकतीच्या मानाने तो किरकोळ.

हवा दाबली की ती तापते, तापली की फुगते, आणि फुगली तर दाबल्याचा उपयोग काय? म्हणून मध्ये इंटरकूलर. त्यातून जाताना हवा थंड होऊन पुन्हा दाट होते. हल्लीच्या बोलेरो पिकअपमध्ये या सगळ्यातून निघतात पंचाहत्तर अश्वशक्ती. या आकड्याने कोणाचे डोळे दिपणार नाहीत. खरा आकडा पुढचा आहे. दोनशे न्यूटन-मीटर टॉर्क, आणि तोही १४०० ते २२०० फेऱ्यांच्या पट्ट्यात. इंजिन किंचाळायच्या आत, सावकाशीतच पूर्ण जोर. शर्यतीच्या गाडीला जोर वरच्या फेऱ्यांत लागतो. सतराशे किलो माल घेऊन पोखरी घाट चढणाऱ्या गाडीला तो इथेच लागतो.

तो घाट एकदा कान देऊन चढावा. घोडेगाव सोडलं, शिनोली गेली, डिंभ्याला हुतात्मा बाबू गेनू सागर या धरणाची भिंत दिसली की पुढे रस्ता वर बघायला लागतो. पहिल्या वळणावर दादा दुसऱ्या गिअरवर येतात, पाय दाबतात, आणि लगेच काहीच होत नाही. क्षणभर गाडी नुसती हुंकारते. मग बॉनेटखालून एक बारीक शीळ सुरू होते, चढत जाते, आणि पाठीत कोणीतरी तळहात टेकवल्यासारखी गाडी वर निघते. मधल्या त्या क्षणाला जाणकार दोष म्हणतात. धूर वाढायला, चक्राला वेग यायला वेळ लागतो, हे खरंच आहे. मला मात्र तिथे छंदातली यती ऐकू येते. चरणात थांबायची जागा असते, म्हणून पुढचा अर्धा चरण जोरात येतो. नवखा ड्रायव्हर त्या थांब्यात घाबरून पाय आणखी दाबतो, नुसतं डिझेल जाळतो. दादा दम धरतात. दम शब्दाचे मराठीत किती अर्थ आहेत आणि इथे ते सगळे कसे लागू पडतात, पाहा. गाडीत दम आहे, चढाला दम लागतो, ड्रायव्हरने दम धरायचा, आणि उताराला दमानं घ्यायचं.

उंचीचीही एक गोष्ट या घाटात दडलेली आहे. हा रस्ता जिथे पोचतो ते भीमाशंकर समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर. इतक्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ दहाव्या हिश्शाने विरळ असते. टर्बो ही तूट भरून काढतो. आल्फ्रेड ब्युची या स्विस अभियंत्याने धुराने हवा दाबायच्या कल्पनेचं पेटंट घेतलं १९०५ मध्ये, आणि ती कसाला उतरवणारं इंजिन उभं करायला त्याला जवळजवळ वीस वर्षं लागली. त्याआधीच, १९१८ मध्ये, सॅनफोर्ड मॉस या अमेरिकी अभियंत्याने विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या डोंगरावर नेऊन चालवलं. विरळ हवेत मंदावलेलं इंजिन टर्बो जोडताच पुन्हा खालच्यासारखं बोलू लागलं. आमचा घाट त्यापुढे टेकडीच. तत्त्व तेच.

यातला नाजूकपणा मला कळला तो मात्र एका वाईट दिवशी. खताच्या तीस गोण्या घेऊन दादा घाटावरच्या तळेघरला निघाले होते, मी शेजारी बसलो होतो. घाटात शीळ आलीच नाही. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर यावं लागलं, आणि आरशात निळसर धूर दिसला. गोण्या दुसऱ्या गाडीत टाकून रिकामी गाडी हळूहळू घोडेगावला आणली. मिस्त्रींनी आधी होजपाइप चाचपले, क्लिपा पाहिल्या. मग म्हणाले, "काळा असता तर हवा गळतीय म्हटलं असतं. निळा म्हंजी ऑइल जळतंय. दादा, ऑइल कधी बदाललंय?"

दादा गप्प राहिले. सीझनच्या धावपळीत तारीख उलटून गेली होती.

टर्बो खोलून मिस्त्रींनी कार्ट्रिज माझ्या हातावर ठेवलं. दोन चिमुकली चक्रं, मध्ये करंगळीहून बारीक दांडा. धुराकडचं चक्र काजळलेलं, हवेकडचं ॲल्युमिनियमचं, पाकळ्या ब्लेडसारख्या पातळ. "हालवून बघा," ते म्हणाले. दांडा चिमटीत धरून वरखाली केला तर तो हलला. कट्, कट्. इतकाच आवाज. पण हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि घेतो तो ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत. जागा केसाहूनही कमी. तिथे जळकं, घट्ट झालेलं ऑइल आलं की पापुद्रा फाटतो आणि धातूला धातू लागतो. माझ्या नखाखाली त्या दिवशी जी काळी चिकट रेघ राहिली, ती सगळ्या बिघाडाची कहाणी होती.

धुराकडच्या शंखाच्या कडेला एक लहान झडप असते. हवेचा दाब ठरल्याइतका झाला की ती उघडते आणि उरलेला धूर चक्राला वळसा घालून जातो. पुरे म्हणायची सोय रचनेतच आहे. चांगल्या कवितेत ती असते, वाईट कवितेत नसते. या झडपेच्या ॲक्चुएटरची दांडी पिळून दाब वाढवून देणारे लोक असतात. गाडी चार महिने पळते. मग हेड गॅस्केट जातं, नाहीतर पिस्टन.

याच्याच पुढचा प्रश्न मला गावातली पोरं विचारतात. जुन्या, बिनटर्बोच्या गाडीला टर्बो बसवता येईल का? बोल्ट आवळून जोडता येईल. पण टर्बोच्या इंजिनात दाबाचं प्रमाण मुळात वेगळं धरलेलं असतं, पिस्टन जास्त उष्णता सोसणारे असतात, ऑइलची वाट वेगळी काढलेली असते, डिझेलचं माप त्या हवेला जुळवलेलं असतं. तयार ओवीत मधेच एक चरण कोंबला तर बाकीचे लंगडतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. अपघात झाला की विम्याचा प्रश्न उभा राहतो तो इथेच. माझं मत स्पष्ट आहे, जुनी गाडी तिच्या दमाने चालवावी, आणि टर्बो हवा असेल तर तो जिच्या जन्मापासून आहे तीच गाडी घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आहे, आणि त्या नियमात बसणारं डिझेल पिकअप टर्बोशिवाय मिळणं अवघडच.

नवीन कार्ट्रिज बसलं, ऑइल आणि फिल्टर बदलले, आणि दादांनी गाडी पुन्हा घाटाला घातली. दुसऱ्या वळणावर शीळ आली. दादा काही बोलले नाहीत, नुसता स्टिअरिंगवरचा हात सैल सोडला. आता सातगाव पठाराचा बटाटा असो, मंचरचा कांदा असो की पश्चिमेकडचा हिरडा, ऑइलची तारीख ते डॅशबोर्डला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहितात.

पोखरी घाट भरल्या गाडीने चढून तळेघरला चहाला थांबलात, तर लगेच किल्ली फिरवू नका. बॉनेटखाली तो दांडा अजून फिरत असतो आणि इंजिन बंद केलं की त्याचं ऑइल तिथेच थांबतं. मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवा, मग उतरा.