फाटकाबाहेरचं साहित्य

मुंबईच्या कापड गिरण्यांत जुन्या धोट्यांवर काम चाले, तेव्हाची ही गोष्ट. कांडीवरचं सूत संपलं की विणकर धोट्यात नवी कांडी बसवी आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून बाहेर ओढून घेई. काम क्षणाचं, पण पाळीत कितीतरी वेळा करायचं. एका धोट्याला अनेकांची तोंडं लागायची, म्हणून साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, अस्पृश्य नकोत, असा बाकीच्या कामगारांचा हट्ट होता. साचेखात्यात पगार जास्त होता. दलित कामगार सूतखात्यात, कमी पगारावर राहिले. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांची पंचाईत झाली.

जात की वर्ग, यावर मराठी समीक्षेनं कित्येक दशकं शाई खर्च केली आहे. चर्चासत्रं झाली, माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. त्या वादाचं बरंचसं उत्तर धोट्याच्या त्या भोकात होतं. तिथं जात आणि पगार एकाच धाग्यानं ओढले जात होते. पण ते दिसायला साचेखात्यात उभं राहावं लागतं, आणि मराठी साहित्य तिथं फारसं गेलंच नाही. ते गिरणीच्या फाटकाबाहेर उभं राहिलं. चाळ, भूक, दारू, मोर्चा, संप हे सगळं त्यानं टिपलं. कामगार मराठीत आला. त्याचं काम मात्र आलं नाही.

असं म्हटलं की लगेच नावांची यादी पुढे येते. ती मलाही माहीत आहे. पण त्याआधी थोडं मागं जाऊ.

मराठी कवितेच्या मुळाशीच काम आहे. सावता माळ्याचा मळा, गोरोबांची माती, नामदेवांचं शिंपीपण, सेना न्हाव्याचा आरसा, जनाबाईचं दळण-कांडण. या मंडळींनी आपापल्या हत्यारांतूनच देवाशी बोलणं केलं. हे नुसतं रूपक म्हणून वाचायची आपल्याला सवय लागली आहे, पण ते आधी काम आहे. जात्यावरच्या ओव्यांचं तर काय सांगावं! गी पॉयतव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या प्रयत्नांतून लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या कुठल्याही ओवीची लय कागदावर ठरलेली नाही, ती जात्याच्या फेऱ्यानं ठरलेली आहे. विषमतेबद्दल या ओव्या गाणाऱ्या बायकांनी सभेत भाषण केलं नाही. पीठ कुणासाठी दळतो आणि आपल्या वाट्याला काय येतं, हे त्या दळता दळता सांगत राहिल्या.

एकोणिसाव्या शतकात हा धागा एका माणसानं गद्यात आणला. जोतीराव फुले यांनी स्वतः बांधकामाची कंत्राटं घेतली होती. मजूर, चुना, दगड, अधिकाऱ्यांचे हप्ते त्यांना ठाऊक होते. म्हणून ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याचं दैन्य सुस्काऱ्यांनी येत नाही, घर, खाणं, अंगावरचा कपडा, कर्ज यांच्या हिशेबानं येतं. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधु’ चालवत होते आणि गिरणीतल्या माणसांची गाऱ्हाणी छापत होते. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, त्यामागे याच माणसाची खटपट होती. गिरणीचं मराठी वाङ्मय खरं तर या वर्तमानपत्रात सुरू झालं. कवितेत आणि कादंबरीत ते यायचं होतं.

कवितेत आलं ते केशवसुतांबरोबर. १८८९ची ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ ही कविता मराठीतली मोठी घटना, यात शंका नाही. पण शीर्षक पुन्हा वाचा. हा मजूर काम करणारा नाही, काम गेलेला आहे. इथून पुढे एक विचित्र रीतच पडली. मराठी साहित्यात काम येतं ते बहुधा थांबल्यावर. संप, टाळेबंदी, बेकारी. यंत्र चालू असेपर्यंत लेखकाचं तिकडे लक्ष जात नाही.

मामा वरेरकरांच्या कादंबरीचं नावच ‘धावता धोटा’. १९३०च्या दशकात एका लोकप्रिय लेखकानं गिरणगाव कादंबरीचा विषय करावा, ही धिटाई होती. त्याबद्दल मामांचं ऋण मान्यच. पण धोटा पुस्तकभर धावत असूनही तो हातात धरल्यासारखा वाटत नाही. मामांचा पिंड सुधारकाचा आणि नाटककाराचा. त्यांची माणसं कामापेक्षा बोलण्यात रमतात.

अण्णा भाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले ते चालत. गिरणीत राबले, पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, आणि अमर शेख, गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावट्याच्या कलापथकातून गात फिरले. ‘महाराष्ट्राचे गॉर्की’ अशी एक पदवी त्यांना देऊन आपण मोकळे झालो. अशा पदव्या म्हणजे न वाचण्याची सोयच असते. ‘स्मशानातील सोनं’ ही त्यांची कथा मात्र एकदा शांतपणे वाचावी. वारणेकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीत दगड फोडत असतो. खाण बंद पडते, आणि तो रात्री प्रेतं उकरून त्यांच्या तोंडातलं, अंगावरचं सोनं शोधू लागतो. त्याच्या दृष्टीनं हेही कामच; त्यात कसब आहे, पारख आहे, मोबदलाही खाणीपेक्षा बरा आहे. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि ती कापून टाकावी लागतात. नेमकी त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. ज्या बोटांनी दगड फोडायचा तीच बोटं आता नाहीत. वर्गविषमता म्हणजे काय, हे सांगायला मराठीत याहून अचूक कथा मी वाचलेली नाही. अण्णा भाऊंनी भीमाला ना शहाणपण शिकवलं ना घोषणा दिली. त्याचे हात तेवढे पाहिले.

गिरणीत राबलेले दुसरे लेखक म्हणजे नारायण सुर्वे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं उचलून वाढवलेलं हे पोर. गिरणीत, हॉटेलात, मिळेल तिथं राबून पुढे शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालं. १९६२चा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि १९६६चा ‘माझे विद्यापीठ’ या संग्रहांनी मराठी कवितेची बोलीच बदलली. सुर्व्यांचा कामगार बोलतो, भांडतो, प्रेम करतो, पत्र लिहितो. पण सुर्व्यांच्या कवितेचंही खरं घर रस्ता, नाका आणि सभा हे आहे. खात्यातला गोंगाट तिथं क्वचितच ऐकू येतो. त्या गोंगाटात बोलताच येत नसे, कामगार ओठांच्या हालचालींवर बोलणं ओळखत. मग कविता तिथं कशी बोलणार, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे.

आता आत्मकथनांकडे वळतो, कारण माझ्या तक्रारीला खरं आव्हान तिथून येतं. १९७८चं ‘बलुतं’, १९८०चा ‘उपरा’, १९८७चा ‘उचल्या’, २००३चं ‘आयदान’. या पुस्तकांत काम जागोजाग आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये गाढवांवर संसार लादून गावोगाव फिरत टोपल्या विणणारे कैकाडी आहेत. ऊर्मिला पवारांनी तर पुस्तकाला नावच आईच्या बांबूकामाचं दिलं, आणि आईच्या विणण्याची वीण आपल्या लेखनाला जोडून दाखवली. ‘उचल्या’त लक्ष्मण गायकवाडांनी खिसे कापण्याचं शिक्षण ज्या तपशिलानं सांगितलं आहे, त्या तपशिलानं मराठी प्राध्यापकांनी आपला धंदा कधी सांगितलेला नाही.

मग कोडं असं की, इथं काम दिसतं आणि गिरणीत का दिसत नाही? दया पवारांचे वडील मुंबईत गोदीत कामाला होते, घरातल्या बायका चिंध्या आणि कागद गोळा करायच्या. ‘बलुतं’ वाचून आठवणीत राहतात त्या बायका. गोदी धूसर राहते. गायकवाड स्वतः लातूरच्या सूतगिरणीत कामाला होते, तिथं युनियनही त्यांनी केली. वाचकाच्या मनात मात्र ब्लेड आणि खिसा उरतो.

मला सुचतं ते उत्तर साधं आहे. जातीनं लादलेलं काम घरात, अंगणात, गावाच्या वाटेवर होतं. पोर ते बघत मोठं होतं. बांबू सोलताना आईचं बोट चिरलं तर रक्त पोराला दिसतं. गिरणीला फाटक असतं. बाप सकाळी भोंग्याबरोबर आत जातो आणि पाळी संपल्यावर कापसाची कुसं अंगावर घेऊन बाहेर येतो. पोराला दिसतो तो थकलेला बाप. मधले तास त्याला कुणी दाखवत नाही आणि बापही सांगत नाही. पुढे शिकून लेखक होतो तो हा पोरगा. तो जे पाहिलं ते लिहितो: खोली, आई, भांडण, खानावळ, नाका.

शेताला फाटक नसतं. म्हणून ग्रामीण कादंबरीत काम भरून आहे. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’मध्ये ट्रॅक्टर येतो आणि मालकाची जनावरं जातात, तेव्हा नारबाचं काम जातं म्हणजे त्याचे सगेसोयरेच जातात. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक हरते ती राबून राबून हरते. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त एका शिंप्याचं शिवणयंत्र आणि त्याची पत यांचा संबंध इतका घट्ट आहे की, अर्थशास्त्राच्या वर्गात ती कादंबरी लावावी.

गिरणगावाकडे परत येऊ. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्या संपानंतरच्या पडझडीचं सगळ्यात सच्चं वाङ्मय जयंत पवारांनी दिलं. ‘अधांतर’ नाटकात गिरणी कामगाराच्या मागे उरलेलं कुटुंब एका खोलीत एकमेकांना ओरबाडत राहतं. बाप आधीच गेलेला, गिरणी बाहेर. माझ्या सिद्धांताला याहून चांगला पुरावा नको, आणि हा पुरावा एका श्रेष्ठ नाटकातून मिळावा याचं वाईटही वाटतं. त्यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कथांत गिरणीच्या जागी मॉल उभा आहे. पवारांनी गिरणीचं भूत लिहिलं, आणि उत्तम लिहिलं. जिवंतपणी तिला लिहिणारा कादंबरीकार मात्र तिला मिळाला नाही.

गंमत अशी की, हे काम इतिहासकारांनी केलं. राजनारायण चंदावरकरांनी कामगार भरती करणारा जॉबर, खानावळ, वस्ती, बदली कामगार यांचं जाळं उलगडलं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४च्या ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’मध्ये गिरणगावातल्या बायाबापड्यांना स्वतः बोलायला लावलं. त्या मुलाखतींत जो तपशील आहे, त्यावर चार कादंबऱ्या सहज उभ्या राहतील. लेखकाला आत जाता येत नाही, ही सबबही टिकत नाही. एमिल झोला १८८४मध्ये आंझँच्या कोळसाखाणीत उतरला आणि पुढच्या वर्षी ‘जर्मिनाल’ आली. आपल्याकडे तर गिरणीत राबलेलेच लेखक होते!

सध्या हे काम सिनेमा जास्त चोख करतोय. ‘फँड्री’मधलं डुक्कर पकडणं आठवा: नागराज मंजुळे ते शाळेच्या भिंतीपाशी, सगळ्या गावासमोर घडवतो, आणि काम हाच अपमान कसा होतो हे मिनिटामिनिटानं दाखवतो. ‘कोर्ट’मध्ये गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. आत हवा आहे का ते झुरळावरून ओळखायचं, असं ती कोरड्या आवाजात सांगते. कामाचा एवढा एक तपशील, आणि महानगरपालिकेचा अख्खा कारभार आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

आजच्या कथा-कादंबरीबद्दल मी फार आशेनं बोलू शकत नाही. शेतकऱ्याची आत्महत्या लिहून लिहून गुळगुळीत झाली. ऊसतोड कामगाराचा कोयता मुखपृष्ठांवर दिसतो, पण पहाटे थंडीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई आतल्या पानांत सापडत नाही. बारा तास उभा असणारा सुरक्षारक्षक, ठेकेदाराकडून पगार घेणारी रुग्णालयातली सफाईवाली, जेवणाच्या पिशव्या पोचवणारा पोरगा: हे आपल्या कथेत येतात ते नायकाला दार उघडून द्यायला. नव्या लेखकाच्या इमारतीत रोज जी लिफ्ट वर जाते, तिच्याजवळ बसलेल्या माणसाची पाळी किती वाजता संपते, हे त्याला माहीत नसतं.

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी इथल्या कारखान्यांत या घटकेला मराठी बोलणारी हजारो मुलंमुली पाळीवर आहेत. त्यांतली बरीच शिकलेली आहेत आणि मोबाइलवर रोज काही ना काही लिहितात. त्यांच्याकडे एकच मागणं आहे. आपलं बालपण, गाव, प्रेमभंग हे सगळं नंतर लिहा. आधी एक पाळी लिहा, फाटकातून आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत. कुठलं यंत्र, कुणाचा हात, किती वेळा, किती रुपयांना. दिवाळी अंकांच्या संपादकांनीही ते मजकूर न कापता छापावेत.