यंत्राचें स्मरण आणि कर्त्याचें विस्मरण

अलीकडे आपल्या सुशिक्षित वर्गांत एका नव्या प्रकारच्या स्मरणरंजनास ऊत आला आहे. पूर्वीं माणसें सुटलेल्या गांवाचें किंवा मोडलेल्या वाड्याचें स्मरण करीत. आतां तीं बंद पडलेल्या वाहनांचें करितात. एखाद्या जुन्या स्कूटरची नुसती आकृति दिसतांच पन्नाशींतील गृहस्थ सद्गदित होतो. लहानपणीं दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या बोलक्या मोटारीचें नांव निघालें कीं त्याच्या गप्पांना खंड राहत नाहीं. आणि ज्याचा निम्मा दिवस वाहनांच्या रांगेंत खोळंबण्यांत जातो, तोहि सुटीच्या दिवशीं मोटार-शर्यतींचे कार्यक्रम तन्मयतेनें पाहतो. या आवडीस हंसण्याचें कारण नाहीं. जें मनुष्याच्या मनांत घर करून राहतें तें कलेचा विषय होतेंच, आणि म्हणूनच टीकेचाहि होतें. प्रश्न इतकाच कीं, या स्मरणांत काय टिकतें आणि काय गळून पडतें?

हा प्रश्न पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यांत विचारला म्हणजे त्यास विशेष धार येते. या पट्ट्याच्या पश्चिम कडेस पुनावळें हें पूर्वीं मुळशी तालुक्यांत मोडणारें गांव आहे. आज तें महानगरपालिकेच्या हद्दींत असून बाह्यवळण महामार्गालगत उंच इमारतींनीं भरून गेलें आहे, आणि तेथील पुष्कळ रहिवासी रोज हिंजवडीच्या कचेऱ्यांकडे जातात. तेथून दोन-तीन कोसांवर आकुर्डी. तेथील बजाजच्या कारखान्यांतून १९६० च्या दशकापासून स्कूटरी बाहेर पडल्या. पलीकडे पिंपरीस टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स. उत्तरेस चाकणला महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ अशीं नांवें. म्हणजे ज्या वस्तूंच्या आठवणीनें इमारतींतील गृहस्थाचा कंठ दाटून येतो, त्या घडविणारे कित्येक हात त्याच्या शेजारींच निवृत्तीचे दिवस कंठीत आहेत. गाडी केव्हां घेतली हें त्याला आठवतें, तिच्यावर कोण कोण बसलें हें आठवतें. ती कोणीं केली हें मात्र त्याच्या मनांतहि येत नाहीं. वाहनाविषयींच्या कांहीं लोकप्रिय कलाकृति या एकाच कसोटीवर घासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम आपल्या वाङ्मयाकडे वळूं. मराठींत प्रवासी वाहनावरील सर्वांत लोकप्रिय कथा कोणती, असें विचारल्यास बहुतेक वाचक पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’चें नांव घेतील, आणि त्या कथेंतील एस. टी. बहुतांश वेळ जागच्या जागीं उभी असते! हा योगायोग नुसता गमतीचा नव्हे. गाडी थांबली म्हणजे माणसें खालीं उतरतात, बोलूं लागतात, त्यांचे स्वभाव उघडे पडतात. आणि मराठी लेखकास प्रिय असतें तें माणसांचें बोलणें. यंत्र सुरळीत चालूं असतांना त्याला त्यांत सांगण्याजोगें कांहींच दिसत नाहीं. मुंबईच्या गिरणगांवास नारायण सुर्वे यांच्यासारखा कवि लाभला. मोटारीच्या कारखान्यांत, ज्यास कामगार नुसतें ‘लाइन’ म्हणतात त्या सरकत्या पट्ट्याशीं उभें राहून जन्म काढणारा मनुष्य अद्यापि आपल्या कवीची वाट पाहत आहे.

चित्रपटांनीं प्रारंभीं या बाबतींत अधिक जाण दाखविली होती. बी. आर. चोप्रा यांच्या ‘नया दौर’मध्यें (१९५७) टांगा आणि मोटार-बस यांची शर्यत लागते. वरवर पाहतां तो घोडा व इंजिन यांचा झगडा आहे. परंतु टांगा जिंकतो तो गांवकऱ्यांनीं स्वतः खपून तयार केलेल्या रस्त्यावरून. दिग्दर्शकानें शर्यतीपेक्षां या रस्त्याच्या बांधणीस अधिक वेळ दिला, हेंच त्याच्या दृष्टीचें द्योतक होय. पुढच्याच वर्षीं आलेल्या ‘चलती का नाम गाडी’चा प्रकार निराळा, निव्वळ विनोदी, तरी त्यांतील तिघे भाऊ गॅरेज चालविणारे मिस्त्री आहेत. पावसांत भिजलेली नायिका बिघडलेली गाडी घेऊन मध्यरात्रीं गॅरेजांत येते आणि नायकाचे हात तेलानें माखलेले असतात. चित्रपटांत मोटारींची शर्यतहि आहे, परंतु प्रेक्षकाच्या लक्षांत राहतात ते ती खटारा गाडी जिवंत ठेवणारे तिघे. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर या दोन्ही चित्रपटांत वाहन हा उद्दीपन-विभाव आहे. आलंबन मनुष्यच आहे.

दूरचित्रवाणीनें हा क्रम उलटविला. अमेरिकेंत १९८२ ते १९८६ या काळांत निघालेली ‘नाइट रायडर’ ही मालिका आपल्याकडील वाहिन्यांवरहि पुढें दिसली, आणि आज चाळिशी-पन्नाशींत असलेल्या अनेकांच्या बालपणाचा ती ठेवा आहे. तिच्यांतील ‘किट’ नांवाची काळी पाँटियाक मोटार बोलते, विचार करिते, धन्यास संकटांतून सोडविते. येथें मोटार हीच आलंबन झाली, आणि मनुष्य तिच्या पराक्रमाचें निमित्त! तरी मालिकेच्या लेखकांस कर्त्याचा अगदींच विसर पडला होता असें म्हणतां येत नाहीं. मोठ्या मालमोटारीच्या पोटांत फिरती कर्मशाळा थाटून त्या गाडीची देखभाल करणारी बॉनी नांवाची कुशल स्त्री तिच्यांत आहे. परंतु आज त्या मालिकेचे भक्त भेटले म्हणजे गाडीच्या नाकावर डावी-उजवीकडे सरकणाऱ्या तांबड्या दिव्याचें वर्णन करितात; बॉनीचें नांव घेणारा विरळा. याचाच अर्थ असा कीं, विस्मरणाचा दोष सर्वस्वीं कलाकृतीचा नसतो. कांहीं अंशीं तो रसिकाचाहि असतो.

इंग्लंडच्या बी. बी. सी.चा ‘टॉप गिअर’ हा कार्यक्रम १९७७ सालीं सुरू झाला आणि २००२ सालीं नव्या रूपांत अवतरला. त्याच्या निवेदकांचा वाक्चातुर्याचा गुण कोणासहि नाकारतां येणार नाहीं. तीन प्रौढ मित्रांचीं भांडणें ऐकत राहावीं असें वाटतें. नाणावलेल्या पाहुण्यास सामान्य किंमतीच्या गाडींत बसवून धावपट्टीवर एक फेरी मारावयास लावणें ही त्यांची युक्ति तर हौशी शर्यतीचें मर्म ओळखणारी होती: गाडी सर्वांस सारखी, तेव्हां फरक पडेल तो माणसाचाच. परंतु २०११ च्या डिसेंबरांत दाखविलेल्या त्यांच्या भारतविषयक भागांत एक प्रसंग आहे. मुंबईचे डबेवाले आगगाडीनें डबे नेतात, तें काम मोटारींनीं अधिक जलद होईल, असा पण करून हे तिघे निघतात, आणि शहराच्या गर्दींत त्यांची फजिती होते. प्रसंग हास्यकारक आहे. पण डबेवाला त्यांत केवळ देखाव्याचा भाग राहतो. हे डबेवाले बहुसंख्येनें मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगांव या तालुक्यांतले. आणि चाकण खेड तालुक्यांतच आहे. एकाच मातींतील एक भाऊ मुंबईस डबे वाहावयास गेला, दुसऱ्याच्या शेतावर मोटारीचा कारखाना आला. एवढी कथा पडद्याच्या एका कोपऱ्यांत उभी होती, आणि कॅमेरा तिला ओलांडून पुढें गेला.

आतां ज्या कृतीवांचून हा विषय पुरा होऊं शकत नाहीं तिच्याकडे येतों. १९८९ सालीं अॅलिक पदमसी यांच्या लिंटास संस्थेनें केलेली ‘हमारा बजाज’ ही जाहिरात आपल्या देशांतील दूरचित्रवाणीची एक अभिजात चीज होय, असें म्हणण्यास मला संकोच वाटत नाहीं. जपानी तंत्राच्या गाड्यांशीं स्पर्धा सुरू झालेली असतांना तिनें तंत्राची गोष्टच काढली नाहीं. निरनिराळ्या प्रांतांतील व निरनिराळ्या थरांतील साधीं माणसें आपापल्या स्कूटरीसह दाखविलीं. कांहीं क्षणांत एक अख्खा मध्यमवर्ग उभा करणें हें लहान कौशल्य नव्हे. परंतु तिच्या नांवांतील सर्वनामाकडे वाचकांनीं किंचित् लक्ष द्यावें. ‘हमारा’ म्हणजे कोणाचा? ज्यांनीं विकत घेतला त्यांचा. ज्यांनीं केला ते त्या बहुवचनांत धरलेले नाहींत. आकुर्डीचा कारखाना त्या चित्रमालिकेंत कोठेंच नाहीं.

याच १९८९ सालच्या सप्टेंबरांत टेल्कोच्या पुणें कारखान्यांतील संपकरी कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखालीं शनिवारवाड्यापाशीं उपोषणास बसले होते, आणि अखेर पोलिसांनीं त्यांस तेथून हलविलें. त्या संपाची योग्यायोग्यता हा येथें विषय नाहीं. विषय स्मृतीचा आहे. एकाच वर्षांतील, एकाच उद्योगनगरीशीं निगडित अशा या दोन घटना. त्यांपैकीं एकीची चाल आज तीस वर्षांनंतरहि कोणीहि गुणगुणूं शकतो, आणि दुसरीचा उच्चार करावयास जुना कामगारच शोधावा लागतो.

येथें एक आक्षेप संभवतो. इंग्रज टीकाकार रस्किन यानें १८५३ सालीं गॉथिक शिल्पाविषयीं लिहितांना दगडावरील ओबडधोबड टांकींतहि कारागिराचें मन वाचतां येतें, असें प्रतिपादन केलें. पण कारखान्यांतून निघणारी प्रत्येक स्कूटर दुसरीसारखीच. एक मनुष्य दिवसभर तोच बोल्ट आंवळतो. मग तिच्यांत कर्त्याचें स्मरण ठेवावें तरी कशाचें? आक्षेप सबळ दिसतो, पण एकच उदाहरण पाहावें. जुनी स्कूटर चालूं होईना म्हणजे ती एका अंगावर कलती करून मग किक मारीत, ही आठवण प्रत्येक जुना मालक मोठ्या लाडानें सांगतो. परंतु त्या घाटाच्या स्कूटरचें इंजिन मागील चाकाच्या उजव्या अंगास बसविलेलें असे, त्यामुळें तिचा तोल मुळांतच किंचित् एकांगी, ही गोष्ट जोडणी करणाऱ्यास ठाऊक असते; पेट्रोलमध्यें तेल किती मिसळावें, कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हेंहि त्यास ठाऊक असतें. मालकाजवळ आठवण आहे, कारागिराजवळ तिचें कारण आहे. कारणावांचून सांगितलेली आठवण गोड लागते. पण ती वाङ्मय होत नाहीं.

व्यापाऱ्यांनीं मात्र या गोडीचें मोल बरोबर ओळखलें आहे. १९७२ पासून चाललेलें ‘चेतक’ हें नांव जुनी स्कूटर बंद पडल्यावरहि मेलें नाहीं; २०१९ सालीं तें विजेच्या स्कूटरीस दिलें गेलें. १९९१ सालच्या टाटा ‘सिएरा’चें नांव २०२५ सालीं नव्या मोटारीस मिळालें. याचा दोष व्यापाऱ्यांस देण्यांत अर्थ नाहीं. स्मृतीचा माल त्यांनीं बाजारांत आणला, कारण लेखकांनीं ती कोठारांत पडूं दिली.

मग या पट्ट्यांत कर्त्याचें स्मरण राखणारें असें कांहींच नाहीं काय? आहे, आणि तें हौशी शर्यतींत सांपडतें. मावळ-खेडकडील बैलगाडा-शर्यत पाहावी. घाटांत प्रत्येक बारी घड्याळाशीं लढते, सेकंदांचा हिशेब होतो. पण बारी सुटण्यापूर्वीं ध्वनिक्षेपकावरून गाड्याच्या मालकाचें व त्याच्या गांवाचें नांव पुकारलें जातें. बैल कोणीं पोसला, कोणीं सराव दिला, हें जाणणारे शेंकडों लोक कडेला उभे असतात. प्राण्यांच्या यातनांचा प्रश्न खरा होता आणि आहे. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं या शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजीं नियमांच्या बंधनांत त्या पुन्हां होऊं दिल्या आणि १८ मे २०२३ रोजीं राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य ठरविला, हा इतिहास विसरतां येणार नाहीं. मला येथें केवळ एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, त्या खेळांत वेगास धनी असतो. मोठ्या घाटांत बक्षीस म्हणून मोटारसायकल वा ट्रॅक्टर मिळतो. बैलाच्या मालकाचें नांव घाटभर दुमदुमतें. त्यास मिळालेलें यंत्र मात्र निनांवी येतें!

दुसरें उदाहरण अगदीं आधुनिक आहे. २००७ पासून आपल्याकडे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची ‘बाजा’ ही स्पर्धा भरते, आणि या पट्ट्यांतील महाविद्यालयांचे संघ तींत उतरतात. खडबडीत जमिनीवर चालणारी एका माणसाची गाडी विद्यार्थ्यांनीं स्वतः आंखावयाची, जोडावयाची व चालवावयाची. नुसतें धांवून भागत नाहीं. रचनेचें समर्थन परीक्षकांपुढें करावें लागतें, खर्चाचा जाब द्यावा लागतो, आणि शेवटीं चार तासांची दमछाक करणारी शर्यत असते. वाटेंत कोठें सांधा निखळला तर तो कोणीं जोडला होता हें साऱ्या संघास ठाऊक असतें. करणारा व चालविणारा यांची जी फारकत दूरचित्रवाणीनें केली, ती येथें मिटते. हौशी शर्यतीचें खरें महत्त्व तिच्या वेगांत नसून या एकत्रपणांत आहे.

आपल्या लोकाचारानें हा भेद फार पूर्वींच ओळखून ठेविला आहे. खंडेनवमीस कारखान्यांत यंत्रांची व हत्यारांची पूजा होते. दुसऱ्या दिवशीं दसऱ्यास पुनावळ्याच्या इमारतींखालीं ओळीनें उभ्या असलेल्या मोटारींना झेंडूच्या माळा चढतात. नवमी करणाऱ्याची, दशमी घेणाऱ्याची. आपलें सारें वाहनविषयक स्मरणरंजन आजवर दशमीचेंच झालें आहे, आणि त्यांत लबाडी नसली तरी अपुरेपणा आहे. आकुर्डी-पिंपरीच्या जुन्या कारखान्यांत ज्यांनीं तीस-तीस वर्षें काढलीं ती पिढी आज सत्तरीच्या घरांत आहे. तिच्याजवळ ज्या गोष्टी आहेत त्या दुसऱ्या कोणापाशींहि नाहींत, व फार दिवस तिच्यापाशींहि राहणार नाहींत. या भागांत राहणाऱ्या तरुण लेखकांनीं जुन्या मालिकांच्या आठवणी अवश्य लिहाव्या. परंतु त्याआधीं शेजारच्या दारावर एकदां थाप मारावी.