'दिवास्वप्ना'तील एक उणीव

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांचे 'दिवास्वप्न' हे मूळ गुजराती पुस्तक आजही शिक्षकांच्या हाती आदराने दिले जाते. एक शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो व रूढ पद्धती मोडून तो चालवून दाखवितो, एवढेच त्याचे कथानक. त्यातील खेळ, गोष्टी व ग्रंथालय यांची स्तुती पुष्कळ झाली आहे. तिच्यात आम्ही भर घालीत नाही. आम्हांस त्यातील पहिला दिवस सर्वांत मोलाचा वाटतो. घरी योजना आखून आलेला हा व्यासंगी शिक्षक मोठ्या हौसेने शांतीचा खेळ मांडतो, आणि पोरे त्या शांतीची अशी दाणादाण उडवितात की त्यास वर्ग सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो खेळ बाजूस ठेवून गोष्ट सांगू लागतो. शिक्षकाची वाढ जी म्हणतात ती या दोन दिवसांमधल्या रात्रीत झाली.

पुढे मात्र एक उणीव जाणवू लागते. त्या शाळेत इतरही शिक्षक आहेत. पण ते बहुतेक शंका काढण्यापुरते. नायकाच्या हातून चुका होतात व तो शहाणा होतो. बाकीच्यांस चुकण्याचीही संधी लेखक देत नाही. स्वप्न एकट्यालाच पडावयाचे, असे कोणी म्हणेल. मान्य, परंतु शाळा एकट्याने चालत नाही.

ही उणीव पुस्तकाबाहेर भरून निघाली. भावनगरास गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणास हात घातला. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, त्या काही नवशिक्या नव्हत्या. खेड्यात व पुण्यास अनेक वर्षे शिकवून आल्या होत्या. तरीही येथे त्यांस पुन्हा विद्यार्थिनी व्हावे लागले. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतील मुले येईनात. तेव्हा मुलांस बोल न लावता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. माँटेसरीबाईंची महागडी साधने परवडण्यासारखी नव्हती. खडे, पाने, बिया पुढे आल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने 'अंगणवाडी' हे नाव उचलले. त्या नावामागे एक फसलेला प्रयत्न आहे, हे किती जणांच्या ध्यानात असेल?

आता आमच्या सोलापुराकडे पाहावे. पूर्व भागात यंत्रमागावर व विड्यांवर पोट भरणारी तेलुगू घरे आहेत. शहरात कानडी व उर्दू बोलणारी मुलेही थोडी नाहीत. अशा मुलांपुढे सेविका मराठीतून गोष्ट सांगू लागली आणि निम्मी मुले नुसती तिच्या तोंडाकडे पाहत राहिली, तर तिने काय करावे? हा प्रश्न तिने कोणापुढे मांडावा? तिच्यामागे वजने आहेत, उंची आहे, शिधा आहे, आणि २०२१ पासून भ्रमणध्वनीवरील 'पोषण ट्रॅकर'च्या नोंदी आहेत. यांपैकी एकही काम निरुपयोगी नव्हे. कुपोषित मुलाचे वजन घेतलेच पाहिजे. परंतु सेविकेच्या कामाचा हिशेब जर याच आकड्यांत होणार असेल, तर फसलेली गोष्ट त्यात कोठेच दिसणार नाही, आणि न दिसलेली चूक सुधारणार तरी कशी?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकेस सहा महिन्यांचा व त्याहून कमी शिकलेल्या सेविकेस एक वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला आहे. प्रशिक्षणास आमचा विरोध नाही. मात्र ते वरून खाली ओतावयाचे ज्ञान ठरू नये, एवढेच आमचे म्हणणे. बोर्डीस ताराबाई होत्या आणि अनुताई होत्या. म्हणजे एकीची फजिती ऐकून घेणारी दुसरी तेथे होती. सोलापुरातील सेविकेस अशी दुसरी मिळवून देणे हे, आमच्या मते, कोणत्याही प्रमाणपत्राआधीचे काम आहे.

'दिवास्वप्ना'तील मुले चौथीतील आहेत, बालवाडीतील नव्हेत, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही प्रशिक्षणवर्गात त्यातील पहिल्या दिवसाचीच पाने मोठ्याने वाचावीत, आणि मग प्रत्येक सेविकेस तिचा स्वतःचा पहिला दिवस सांगावयास लावावा. वर्गात तीस जणी असल्या तर सगळी दुपार त्यातच जाईल. जाऊ द्यावी.