बहुवारिक अधिशोषके आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे पाणी : एक चिकित्सा

विदर्भातील रसायनशास्त्राच्या संशोधनात सहबहुवारिक रेझिनांचा विषय दीर्घकाळ रुजलेला आहे. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे नागपूर विद्यापीठाकडून त्याच्या कक्षेत आले. या परंपरेचे मूल्यमापन येथील पाण्याच्या संदर्भात होणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

सॅलिसिलिक आम्ल किंवा 8-हायड्रॉक्सिक्विनोलिन, एखादे अमाइन आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संघननातून ही रेझिने सिद्ध होतात. साखळीतील ऑक्सिजन व नायट्रोजनचे अणू धातूच्या आयनास चिमट्यासारखे धरतात. रचनानिश्चितीचा भाग बहुधा नेटका असतो, त्याविषयी तक्रार नाही. प्रश्न उपस्थित होतो तो प्रास्ताविकातील ‘जलशुद्धीकरणास उपयुक्त’ या विधानाविषयी.

रूढ प्रयोगपद्धती अशी : 25 मि.ग्रॅ. रेझिन 25 मि.लि. क्षारद्रावणात भिजवावयाचे, त्यात 0.1 मोलर धातुद्रावणाचे 2 मि.लि. घालावयाचे, 24 तास हलवावयाचे आणि उरलेला धातू ईडीटीए अनुमापनाने मोजावयाचा. धातू शिसे असल्यास या मिश्रणात त्याचे प्रमाण दर लिटरला सुमारे 1,500 मि.ग्रॅ. होते. भारतीय मानक 10500 (2012) नुसार पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा 0.01 मि.ग्रॅ. आहे. अंतर दीड लाख पटींचे आहे! ज्या पातळीवर विषबाधेचा धोका आहे, ती पातळी हे अनुमापन पाहूच शकत नाही.

सामूची गोष्टही तशीच. हायड्रॉक्साइडचा साका बसू नये म्हणून हे प्रयोग साधारणतः 6 ते 6.5 सामूपाशी थांबविले जातात. कारण योग्यच आहे; परंतु त्याच मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा सामू 6.5 ते 8.5 असावा लागतो. म्हणजे नळाचे पाणी जेथून सुरू होते, तेथे अभ्यास संपतो. कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम रेझिनावरील जागांसाठी स्पर्धा करतात, याचीही नोंद क्वचितच आढळते.

चंद्रपूरसारख्या ठिकाणी ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात चौथे होते. कोळसाखाणींचा उपसा आणि औष्णिक केंद्राची राख यांच्या सान्निध्यात इरई व वर्धा वाहतात. शिवाय जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचा त्रास आहे. फ्लोराइड हा ऋण आयन; धन आयन पकडणाऱ्या रेझिनाचा तेथे थेट उपयोग नाही. तरीही प्रास्ताविकांत ‘दूषित पाणी’ असा एकच सरसकट शब्द वापरला जातो.

फॉर्माल्डिहाइडचा मुद्दा तर अधिक गंभीर आहे. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवी कर्करोगकारक ठरविले. त्यापासून बनलेल्या रेझिनातून पाण्यात काय झिरपते, ही चाचणी जलशुद्धीकरणाचा दावा करणाऱ्या प्रबंधात अनिवार्य असावयास हवी. कायटोसानसारखी नैसर्गिक बहुवारिके या दोषातून मुक्त आहेत, मात्र ती आम्लात विरघळतात. म्हणून त्यांना ग्लुटराल्डिहाइडने बांधावे लागते आणि अल्डिहाइड पुन्हा दारी येते.

वस्तुतः पडताळणी अवघड नाही. इरईचे गाळलेले पाणी घेऊन त्यात लिटरमागे 0.05 मि.ग्रॅ. शिसे मिसळावे, ते रेझिनाच्या स्तंभातून सोडावे, बाहेर पडणारे शिसे अणुशोषण वर्णपटमापीने मोजावे आणि किती लिटरनंतर मर्यादा ओलांडली गेली ते नोंदवावे. रेझिन धुतलेल्या धातुयुक्त आम्लाचे पुढे काय केले, हेही त्याच तक्त्यात यावे.