विशाखेचे आठ वर आणि आपले वाचन

स्त्रीच्या करुणेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते आणि तिच्या नेतृत्वाविषयीही. परंतु ही दोन्ही बहुधा वेगवेगळ्या पानांवर असतात. करुणा म्हटली की माऊली, त्यागमूर्ती. नेतृत्व म्हटले की परिषद, ठराव, मोर्चा. पालि वाङ्मयाला ही फाळणी मान्य नाही, असे आमचे मत आहे. ते पारखून पाहण्यास विनयपिटकाच्या महावग्गातील विशाखेच्या प्रसंगाइतके चांगले स्थळ नाही.

गेल्या वर्षावासात दिग्रस येथील एका विहारात हा प्रसंग वाचण्याचा योग आम्हांस आला. बाबासाहेबांनी तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या सहाव्या खंडात घेतला असल्याने श्रोत्यांना तो अपरिचित नव्हता. विशाखा भगवंतांस व भिक्खुसंघास भोजन देते आणि आठ वर मागते. तथागत वर देण्याच्या पलीकडे गेलेले असतात, असे उत्तर मिळते. ती मागे हटत नाही. आपले मागणे उचित व निर्दोष आहे, असे ती सांगते. भगवंत कारणे विचारतात आणि ती प्रत्येक वराचे कारण देते.

पावसाळी वस्त्र, नवागतास भोजन, प्रवासास निघालेल्यास भोजन, आजाऱ्यास भोजन, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यास भोजन, औषध, नित्याची पेज आणि भिक्खुणींसाठी स्नानवस्त्र असे हे आठ वर. आपले भाष्यकार ही यादी दानशूरतेचा पुरावा म्हणून देतात आणि पुढे जातात. आम्हीही वर्गात अनेक वर्षे तेच केले. पाचव्या वरापाशी थांबावयास आम्हांस दिग्रसच्या एका वृद्ध उपासिकेने शिकविले. त्या म्हणाल्या, "मालकापाशी मी दवाखान्यात सतरा रोज बसली. त्यायले जेवन भेटे, मले कोनी इचारलं नाही. विशाखेले हे मालूम होतं."

मूळ पाठात विशाखेचे कारण नेमके हेच आहे. शुश्रूषा करणारा स्वतःच्या भिक्षेसाठी हिंडू लागला, तर आजाऱ्याचे अन्न उशिरा पोहोचेल आणि तो स्वतःही उपाशी राहील. 'गिलानुपट्ठाकभत्त' या एका समासात केवढे निरीक्षण आहे! येथे करुणा म्हणजे द्रवलेले अंतःकरण एवढेच नव्हे. कोणाचे काम कोठे अडते हे पाहणे, त्याची कायमची व्यवस्था मागणे आणि मागताना कारण देता येणे, हे सारे तीत येते.

याच ग्रंथात वाराणसीच्या सुप्पियेची कथा आहे. आजारी भिक्खूला मांसरस हवा होता, बाजारात मांस मिळाले नाही, तेव्हा तिने स्वतःच्या मांडीचे मांस कापून दिले. भगवंतांच्या दर्शनाने तिची जखम भरून आली, येथे आपले प्रवचनकार थांबतात. पाठ मात्र थांबत नाही. संघ एकत्र केला जातो, विचारपूस न करता मांस खाणाऱ्या भिक्खूची निर्भर्त्सना होते आणि मनुष्यमांस निषिद्ध ठरते. अंगुत्तरनिकायात शुश्रूषा करणाऱ्या उपासिकांमध्ये सुप्पियेला अग्रस्थान दिले आहे, हे खरे. परंतु तिच्या श्रद्धेचा गौरव करणाऱ्या परंपरेनेच तशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून नियमही केला, हे विसरून कसे चालेल?

आपल्या स्मरणिका वाचताना आम्हांस वाटते, की आपण सुप्पियेचा पूर्वार्धच लिहीत बसलो आहोत. धारवाडच्या वसतिगृहातील मुलांसाठी रमाईंनी बांगड्या दिल्याची आठवण दरवर्षी छापली जाते, आणि ती छापावीच. परंतु नागपुरात ओझी वाहिलेल्या जाईबाई चौधरींनी मुलींची शाळा कशी चालविली, हे किती लेखांत सापडते? 20 जुलै 1942 रोजी नागपुरास अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास विरोध, कामगार स्त्रियांच्या सोयी आणि मुलींची वसतिगृहे यांविषयी तीत ठराव झाले. आमच्या मते ते ठराव विशाखेच्या वरांच्या जातीचे आहेत.

येथे एक आक्षेप रास्त आहे. विशाखा श्रेष्ठिकुलातील, ती आपल्या कोठारातून देत होती. या स्त्रियांपाशी कोठार नव्हते. म्हणूनच त्यांचे मागणे अधिक अवघड होते. ते राज्यकर्त्यांकडे, गिरणीमालकांकडे आणि घरातील पुरुषांकडे एकाच वेळी करावे लागले.

मीनाक्षी मून व ऊर्मिला पवार यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (1989) या ग्रंथाचे मोल या दृष्टीने फार आहे. कार्यकर्त्या स्त्रियांना बोलते करून त्यांनी ही माहिती हाती दिली. उणे आहे ते आपल्या वाचनात. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'वर लिहिणारे दुःखाची वर्णने उद्धृत करतात. फलटणजवळच्या निंबुरे येथे त्यांनी वंचित मुलांसाठी आश्रमशाळा चालविली, ते एका ओळीत आटोपते. धान्य कोठून आले, आजारी मुलाजवळ रात्री कोण बसले, बसणाऱ्याच्या जेवणाचे काय, हे प्रश्न समीक्षेचे नव्हेत, असे आपण मानतो. विनयाच्या संग्राहकांनी तसे मानले नाही.

दिग्रसला पुढच्या वाचनास सुप्पियेची कथा होती. जखम भरून आल्यावर आम्ही पुस्तक मिटू लागलो, तेव्हा त्या उपासिकेने विचारले, "मंग त्या भंतेले काय म्हटलं?" आम्ही पुन्हा पान उघडले.